पाठमोरी बाई

रविवार, संध्याकाळ

आज चंद्रपूरले सिनेमाचा पहिला खेळ पाह्यला. सुरुवातीलेच मोहफुलं वेचणारी बाई, अन् कॅमेरा गवतातून सरपटत तिच्या मागं. वाघ दिसतच नाई, फक्त तिची पाठ. ती पाठ माझी. शूटिंगले मी काऊन हो म्हटलं? माझी बहीण अशीच वाकली होती, तेव्हाच वाघानं तिले नेलं. आज पुन्हा तीच पाठ, अन् सारे लोक श्वास रोखून. शेजारी बसलेली बहिणीची पोरगी उठून बाहेर पळाली. मी मागं धावली. दारात दिग्दर्शक खूश. "घाबरली ना? म्हणजे सीन जमला!"

पोरगी रडतच म्हणाली, "ती माझी आई होती."

त्याले वाटलं, ती मलेच आई म्हणून राह्यली. "मग तर अभिमान वाटायला पाहिजे, बेटा!" म्हणे. अन् त्यानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.