दिवसभराचा पास

८ मे

मेहुण्याने फोनवर अक्कल शिकवली. "भाऊजी, परदेशी जाताय तर जरा सढळ हाताने खर्च करा हो. माझ्या बहिणीची हौस होऊ दे." बहीण त्याची, हौस तिची आणि खिसा माझा! हौस तरी काय — नदीकाठी हॉटेलवाले खुर्च्या मांडतात ना, तिथे दोघांनी बसून निवांत कॉफी प्यायची. संग्रहालय नको, मनोरा नको, एवढंच. मी म्हटलं, बघू. ही म्हणाली, "तुमचं 'बघू' मला पाठ आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण टोमणा अजून ताजा मारते.

१० मे

पोचलो. शहर महाग म्हणजे किती! श्वासाचं बिल लावत नाहीत, तेवढंच. खोली आगपेटीएवढी. एकाने बॅग उघडायची तर दुसऱ्याने पलंगावर चढायचं. हिने हौसेने खिडकी उघडली, तर समोर भिंत. पण भिंत स्वच्छ आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

संध्याकाळी पायी फिरलो. चालायला अजून तिकीट नाही! मनोरा खालून पाहिला, राजवाडा कुंपणातून. वर जाणाऱ्यांना असं काय दिसतं? शहर. ते तर आम्हाला खालूनही दिसतच होतं.

मग नदीकाठचं हॉटेल लागलं. हिची पावलं मंदावली. मी पाटीवरचा भाव वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. एका कॉफीत आमच्याकडे आठवडाभराचं दूध येतं! म्हटलं, "पलीकडे बाकावर बसू. पाणी तेच, वारा तोच." थर्मासमधला चहा ओतून दिला. ही गुपचूप प्यायली. बहुतेक गार झाला असावा.

११ मे, सकाळी

आज लॉटरीच लागली! बसचा दिवसभराचा पास काढला. बस शहराला गोल चक्कर मारते — हवं तिथे उतरा, हवं तिथे पुन्हा चढा. मी सारी नोकरी स्टोअरकीपरची केली, खिळासुद्धा वाया जाऊ दिला नाही. तो मी पास वाया घालवीन? साधी गोष्ट आहे. आपण उतरलो की बस आपल्याशिवाय पुढे जाणार. म्हणजे नुकसान कुणाचं? तेव्हा उतरायचंच नाही!

वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा पटकावली. नाश्त्याच्या टेबलावरची उकडलेली अंडी हिच्या पर्समध्ये.

११ मे, बसमध्ये

पहिली फेरी झाली. झकास! दुसरी तर त्याहून बरी. पुढे काय येणार ते आधीच ठाऊक असतं, मान उगाच वळवावी लागत नाही. नदीकाठचा थांबा आला तशी ही उठली. "मी उतरते."

म्हटलं, "अगं, आणि पास?"

"तुम्ही करा वसूल. माझ्या वाटचाही करा." अंडी माझ्या मांडीवर ठेवली आणि तरातरा खाली गेली! शिवणकामाचे साठवलेले पैसे आहेत म्हणे. बघतोच किती वेळ टिकते!

११ मे, तीच बस

थांबा पुन्हा आला. वरून दिसली. ऐटीत बसलीय, पुढ्यात कॉफी. समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवलीय. मी जोरजोरात हात हलवला. तिचं लक्ष नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मात्र मला हात केला.

११ मे, अजून तीच बस

चढणारे-उतरणारे बदलताहेत, मी कायम. पास तपासायला वर येणारा कंडक्टर आता मला सलाम ठोकतो.

या फेरीला केक होता! वेटर काहीतरी बोलला आणि ही तोंडावर हात धरून हसली. अशी हसते ही? मी शेवटचं कधी पाहिलं बरं? सोललेलं अंडं हातातच राहिलं. एकदा वाटलं, उतरावं. पण पास अजून चालू आहे, आता उतरणं म्हणजे शुद्ध गाढवपणा.

११ मे, पुन्हा तोच थांबा

गर्दी वाढलीय. एका माणसाने रिकामी खुर्ची मागितली. हिने मान हलवून नाही म्हटलं. पर्सवर हात ठेवून बसून राहिली. कुणासाठी धरून ठेवलीय एवढी? मूर्ख बाई! — नाही, मूर्ख मीच. बस सुटली तरी मी मान मोडेपर्यंत मागे बघत होतो.

११ मे, संध्याकाळी

पुढच्या फेरीला उतरलो. पर्स उचलली, त्या खुर्चीत बसलो. वेटरला म्हटलं, दोन कॉफी आण. पाटीकडे पाहिलंच नाही.

हिचा चेहरा पांढराफटक पडला. माझा हात गच्च धरला. "अहो, काय होतंय तुम्हाला? छातीत दुखतंय का? खरं सांगा!"