मागच्या काचेतली पट्टी

अ‍ॅमस्टेलव्हीन, १४ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस जयंतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. तुमच्या मुलाला समजवा. घरासाठी साठवलेल्यातून तो नव्वद हजार युरोंची जुनी अमेरिकन गाडी घेतो आहे, १९६३ची कॉर्व्हेट. म्हणे स्वस्तात मिळते आहे, कारण इंजिन मूळचं नाही. सहा-साडेसहा सेकंदांत शंभराचा वेग गाठते, थांबायला मात्र जुने ड्रम ब्रेक. मागच्या काचेत मधोमध जाड उभी पट्टी आहे. अशी फक्त त्या एकाच वर्षी निघाली, म्हणून एवढा भाव. पट्टीमुळे मागचं धड दिसत नाही, हे त्यानं हसत हसत सांगितलं. आमच्या गल्लीत पोरं रस्त्यावरच खेळतात, बाबा. आपली जुईसुद्धा. मला पैशांपेक्षा त्याचीच धास्ती आहे.

जुई विचारते, आजोबा डच कधी शिकणार? लोभ आहेच; या वेळी जरा सुनेच्या बाजूनं असू द्या.

जयंती

पुणे, १८ सप्टेंबर

चि. सौ. जयंतीस अनेक आशीर्वाद.

यशोधनला लिहिलं होतं. उत्तर म्हणून त्यानं गाडीचा फोटो पाठवला, त्यावरून काय ते समज. बारा वर्षांचा असताना हीच गाडी मासिकातून कापून त्यानं कपाटाच्या दारावर चिकटवली होती. घराला रंग दिला तेव्हा ते दार तसंच ठेवायला लावलं. आता पंचेचाळिशीच्या घोड्याला मी काय अडवणार! पण तुझी धास्ती खोटी नाही. म्हणून सांगतो, दसऱ्याला पूजा केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. हार, नारळ आणि चारही चाकांखाली लिंबं. लिंबं जुईच्या हातानं ठेवा. डच शिकतो आहे असं तिला खोटंच सांग.

तिघांवर माया आहे, गाडीवर अजून नाही.

बाबा

अ‍ॅमस्टेलव्हीन, ३ ऑक्टोबर

ती. बाबांस नमस्कार.

जुई सुखरूप आहे. हे आधी लिहिते, मग पुढचं वाचा.

काल पूजा झाली. जुईनं पुढची दोन लिंबं ठेवली आणि मागची ठेवायला गेली. गाडीचं नाक घराकडे होतं, म्हणजे ती निघणार मागेच. यशोधननं आरशात पाहिलं, कोणी दिसलं नाही. तिचं झालं असं समजून त्यानं रिव्हर्स टाकला. मी दोन्ही हातांनी टप बडवला. गाडी थांबली तेव्हा जुईच्या जॅकेटची बाही चाकाखाली होती. हात तिनं आतून ओढून घेतला होता. रडली नाही. लिंबू फुटलं, एवढंच म्हणाली, तेही डचमध्ये.

तेव्हापासून यशोधन गाडीजवळ गेलेला नाही, धड जेवलेलाही नाही. आता म्हणतो, पट्टी कापून सलग काच बसवतो. गॅरेजवाल्यानं बजावलं की पट्टी गेली तर निम्मी किंमत गेली. तो म्हणाला, जाऊ दे. मी काय करू?

आशीर्वाद असू द्या, आज त्याची फार गरज आहे.

जयंती

पुणे, ४ ऑक्टोबर

चि. सौ. जयंतीस आशीर्वाद.

लिंबं ठेवायला मी सांगितलं, तेही तिच्याच हातानं. आपल्याकडे गाडी मागे घेताना कोणीतरी कडेला उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ करतंच. ते लिहायचं राहिलं. ते कोणाला सांगावं लागेल असं वाटलंच नाही.

पट्टी कापू देऊ नकोस. कापलेली गाडी दारात ठेवून तो रोज तिच्याकडे बघत बसेल. विकून टाका.

जुईच्या दोन्ही हातांचा फोटो पाठव.

बाबा

अ‍ॅमस्टेलव्हीन, २६ ऑक्टोबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

गाडी गेली. मास्ट्रिख्टच्या एका गृहस्थांनी घेतली, आम्हाला थोडा तोटा झाला. ते पट्टीवरून हात फिरवून कौतुक करत होते. यशोधननं त्यांना आत बसवलं, स्वतः मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि विचारलं, मी दिसतो का? ते नाही म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं. मग ते खाली उतरले, त्याच्या शेजारी वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यानंतरच यशोधननं किल्ली दिली.

निघताना गाडी मागेच घ्यायची होती. यशोधन कडेला उभा राहिला. एका हातानं जुईची बाही घट्ट धरलेली, दुसरा हात हलवत तो चक्क मराठीत ओरडत होता, येऊ दे, येऊ दे. त्या गृहस्थांना बरोबर कळलं. गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी त्यानं बाही सोडली नाही.

सोबत दोन्ही हातांचा फोटो आहे. असाच जीव लावत राहा.

तुमची जयंती