बारोलोसाठी परवाना

३ ऑक्टोबर १९५५, चिंचवड
कारखान्यात यंत्रे बसवण्यास आलेले इटालियन इंजिनिअर बर्तोलिनी यांच्या चुलत्याचा द्राक्षमळा आहे. तेथील सन १९५२ ची ‘बारोलो’ ही नामांकित तांबडी वाइन अद्याप पिंपात मुरत असून जानेवारीत प्रथमच विक्रीस निघेल. पहिल्या बाटल्या विमानाने येणार; मॅनेजर हॅरिससाहेबांच्या बंगल्यावर मेजवानी. मला, अकाउंट्स खात्यातील कारकुनास, निमंत्रण. चीफ अकाउंटंटची जागाही जानेवारीतच भरायची आहे. बी.कॉम. मनुष्यास याहून स्पष्ट सूचना लागत नाही.
मी आजन्म निर्व्यसनी. परंतु वाइन ही दारू नव्हे. तो व्यासंगाचा विषय आहे.

११ ऑक्टोबर
दारूबंदी आहे. परदेशी म्हणून हॅरिससाहेब व बर्तोलिनी यांना परवाने मिळतात, माझे काय? कॅशियर सोपानराव म्हणाला, भाऊसाहेब, बंगल्यात कोण बघायला येतंय, घ्यायची आणि तोंड पुसायचं. चीफ अकाउंटंटच्या जागेसाठी यानेही अर्ज केला आहे. अशा वृत्तीला भवितव्य नाही. मी रीतसर परवाना काढणार.

२० ऑक्टोबर
देहूरोडच्या डॉक्टरांकडे. प्रकृतीस दारू आवश्यक, असा दाखला हवा. नाडी पाहून म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही, हीच अडचण आहे. ‘जुने व्यसन’ असे लिहिण्यास त्यांचे मन वळवले. केवळ तांत्रिक बाब.

६ नोव्हेंबर
सराव. कोकम सरबत पेल्यात फिरवणे, हुंगणे, जिभेवर थांबवणे. सौ. रुक्मिणी म्हणाली, साखर विरघळली नाही का, चमचा देऊ?
बारोलोस डांबर आणि गुलाब यांचा वास असतो, असे बर्तोलिनी सांगतात. म्हणून मुंबई-पुणे रस्त्यावर डांबर उकळत होते तेथे, हाती गुलाब घेऊन, डोळे मिटून उभा राहिलो. प्रगती समाधानकारक.

३ डिसेंबर
परवान्याच्या चौकशीस जमादार आला. घरमालक गेनबा आपण होऊन म्हणाला, व्हय सायेब, पेला फिरवीत बसत्यात, रस्त्याच्या कडंला डोळं मिटून हुबं ऱ्हात्यात. पर मानूस कुनाच्या वाटंला जात न्हाई. ही साक्ष फार उपयोगी पडली.

४ जानेवारी १९५६
परवाना हाती. साहेबांना दाखवला. ‘जुने व्यसन’ या शब्दांवर त्यांनी बोट ठेवले. म्हणाले, इतकी वर्षं आम्हाला कळलं कसं नाही. माझ्या संयमाचे हे कौतुकच.

२० जानेवारी
चीफ अकाउंटंट: सोपानराव. साहेब हळुवारपणे म्हणाले, सरकारदरबारी व्यसनी ठरलेल्या माणसाच्या हाती कंपनी तिजोरी देऊ शकत नाही. मेजवानीसही न येण्याचा सल्ला दिला, माझ्याच प्रकृतीसाठी. त्यांचा गैरसमज यथावकाश दूर करीन.

३० जानेवारी
काल मेजवानी झाली. बर्तोलिनी उरलेली अर्धी बाटली माझ्याकडे पाठवणार होते. परंतु सोपानरावसाहेबांनी हरकत घेतली की, घरी बाटली पाहून भाऊसाहेबांना मोह आवरायचा नाही. आणि तिथल्या तिथे स्वतःच संपवली.
आज ऑफिसात त्यांचे आभार मानले. वरिष्ठांनी इतकी आस्था दाखवणे दुर्मिळ.