सुट्टीनंतरची तपासणी

डहाणू
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मयुरा,

सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळी सव्वादहा. दिवाळीच्या सुट्टीवरून परतलेल्या मोठ्या मुली तुझ्या आश्रमशाळेच्या व्हरांड्यात ट्रंका घेऊन रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात गर्भचाचणीच्या लघवीसाठी प्लास्टिकची डबी. समोर मुलगे हसत होते. त्यांच्यासाठी कसलीच तपासणी नव्हती. दहावीतल्या वर्षाने डबी परत केली आणि म्हणाली, "मी नाय देणार." तू, मुख्याध्यापिका, तिच्या आईसमोर म्हणालीस, नाही म्हणते म्हणजे काहीतरी आहे. आणि तिला वसतिगृहात घेतलं नाहीस.

तिची आई लाडकी माझ्या चिकूच्या वाडीत कामाला असते. तलासरीच्या तुझ्या शाळेतून दोघी जीपने थेट माझ्याकडे आल्या, कारण रानशेतला त्यांच्या पाड्यावर बातमी आधीच पोचली होती. लाडकी पायरीवर बसून एकच विचारत राहिली, "बाय, डबी नाय दिली तं पोर नासली काय?" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण तेव्हा सुचलं ते एवढंच: वर्षाची ट्रंक उचलून मागच्या खोलीत ठेवली.

आमच्या सिस्टर प्रजननाच्या धड्याची पानं डिंकाने चिकटवून पुस्तक हातात द्यायच्या. आम्ही ती किटलीच्या वाफेवर धरून उघडली, तर आत नुसता बेडूक! म्हणून मी तो धडा मुलग्यांना बाहेर न काढता शिकवत आले. तू माझी विद्यार्थिनी असताना तुझ्या वर्गात तूच उभी राहिली होतीस. मुलीने नको म्हटलं आणि त्याने ऐकलं नाही, तर चूक कोणाची, असं विचारलंस. वर्ग हसला. मी घंटा झाल्यावरही वर्ग सोडला नाही. आणि तुझ्याच शाळेत तो धडा आता "घरी वाचा" असतो, असं वर्षा सांगते. घरी कोण वाचून दाखवणार, तिची आई? लाडकीला अक्षर येत नाही.

मागच्या वर्षी एका मुलीचं गर्भारपण सहाव्या महिन्यात कळलं, चौकशी झाली, तुला वरून नको ते ऐकावं लागलं, हे मला माहीत आहे. त्यात तुझ्या बाजूने भांडणारी मीच होते. पण डबीने कोणाचं गर्भारपण टळलं, सांग बघू? डबीने फक्त तू वाचतेस. ती मुलगी आज कुठे आहे, हे तुझ्या शाळेत कुणाला ठाऊक आहे का?

वर्षा माझ्या मागच्या खोलीत आहे. ताटातलं चिवडते, उत्तरं पाठ करते, कुणी आलं की दार लावून घेते. मी तिला काही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. दिवस गेले असतील तर तिला डॉक्टर, कायदा आणि वर्गातला बाक, तिन्ही हवेत. नसतील तर नुसता बाक. तो तुझ्या हातात आहे, आणि दहावीची परीक्षा तुझ्यासाठी थांबणार नाही. माझा नवरा हरिश्चंद्र गेल्यापासून या घरात दुसरं ताट वाढलं नव्हतं. ते वाढताना मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

तक्रार वर पाठवायला मला एक दिवस पुरे. माझी जीभ तुला माहीत आहे, लेखणीही तशीच आहे. तरी आधी तुला लिहिते आहे. तू फोन उचलत नाहीस. दिवाळीला आली नाहीस. इतक्या विद्यार्थ्यांत "प्रिय" म्हणून पत्र लिहावं असं माझं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि तेही सोडावं लागेल अशी मला भीती वाटते. म्हणून वर्षा सोमवारी वर्गात बसेल, डब्या बंद होतील आणि तो धडा मुलगे-मुली एकत्र शिकतील, हे तुझ्या सहीनिशी लिहून दे. शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. फोन चालणार नाही.

अजून तरी तुझीच,
रंभाबाई