ऑटोमॅटिकचे झटके

८ जानेवारी २०२५, बुधवार

आज परत तेच! नगर नाक्यापाशी दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात जाताना पिकअपनं असा झटका दिला, की मागं वावरात न्यायला ठेवलेली ठिबकच्या नळीची वेटोळी केबिनवर येऊन आदळली. पुढं करोडीला एक, लासूर स्टेशनच्या अलीकडं दोन. आणि ह्याला म्हणे ऑटोमॅटिक! आपोआप काय होतं, तर माणसाची मान मोडते.

चिरंजीवांनी— बद्रीनाथनं— हे डबडं दिवाळीत घेतलं, पुण्याच्या कुण्या कंत्राटदाराची वापरलेली गाडी. क्लच नाय. गिअरचा दांडा हाय, पण तो चालताना हलवायचा नाय. मग ठेवला कशाला, शोभेला? मला म्हणतो, "अण्णा, तुमच्या गुडघ्याला आराम." मी बत्तीस वर्षं एसटी चालवली. वैजापूर डेपो. विनाअपघात, छातीवर बिल्ला लावून. जुन्या गाड्यांना डबल क्लच मारून घाट चढवले. आता हे डबडं ठरवणार गिअर कधी टाकायचा!

बद्री म्हणाला, "माझ्या हातात तर लोण्यासारखी चालते." हा आठवड्यातनं एकदा पुंडलिकनगर ते दुकान जाणार, एसी लावून, गाणी लावून. ह्याला झटका आणि खड्डा यातला फरक तरी कळतो का?

९ जानेवारी, गुरुवार

गाडीला हात लावला नाय. लई चांगला दिवस गेला.

११ जानेवारी, शनिवार

सर्व्हिस सेंटरला नेली. काचेची खोली, कॉफीचं मशीन, आणि गळ्यात टाय बांधलेला इंजिनिअर. हाताला तेलाचा डाग नाय. त्यानं लॅपटॉप जोडला. "काका, एरर काहीच दाखवत नाही." मी म्हणालो, झटका मला बसतो का तुझ्या लॅपटॉपला? हसला. दात मात्र स्वच्छ होते.

मग गिअरबॉक्सचं तेल बदललं. सॉफ्टवेअर नवीन टाकलं. सॉफ्टवेअर! गाडीला! स्वतः एक चक्कर मारून आला आणि म्हणतो, "एकदम स्मूथ आहे काका."

घरी येताना क्रांती चौकात सिग्नल सुटला— धाड! गाडी जागेवर डुलली. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणतो, "चाचा, नचारे क्या गाडी कू?" सगळा चौक हसला. बत्तीस वर्षांत माझ्या गाडीवर कुणी हसलं नव्हतं. लाज वाटली. खरंच वाटली.

१३ जानेवारी, सोमवार

जेवताना बद्रीनं विषय काढला. ताटाकडं बघत बोलत होता, म्हणजे आधी घोकून आला होता.

"अण्णा, खोट गाडीत नाही. तुम्ही आता चालवू नका. मी ड्रायव्हर बघतो."

मी म्हणालो, ड्रायव्हर? माझ्या घरात ड्रायव्हर? गाडीत खोट निघाली नाय, तर मी परत स्टेअरिंगला शिवणार नाय, जा!

बोलून बसलो. आता खोट काढलीच पाहिजे. मंगळवारी आणि शनिवारी मी वैजापूरच्या वावरात जातो, कांदा बघतो, डेपोच्या टपरीवर चहा पितो, जुने लोक "या काकासाहेब" म्हणतात. ते गेलं तर काय उरलं? गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांची राखण! समोरचे तात्यासाहेब करतात तशी. चिमटे मोजत बसतात बिचारे. त्यापेक्षा मेलेलं बरं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मंडळींनी— सरूनं— तिळाचा लाडू दिला, तोही अर्धा. "शुगर हाय तुम्हाला." दवाखान्याची तारीखही काढली परत. तो डॉक्टर! मागच्या वेळी तळव्याला ब्रशाचे केस लावून "लागतंय का, लागतंय का" करत बसला होता. मी हो हो म्हणून उठून आलो. गोड बोला म्हणे. कुणाशी बोलू, त्या गिअरबॉक्सशी?

१६ जानेवारी, गुरुवार

शेवटी कमरोद्दीनकडं गेलो. आधीच जायला पाहिजे होतं. हा एसटीच्या वर्कशॉपात होता, माझ्या गाड्या ह्यानंच बघितल्या. आता स्वतःचं गॅरेज हाय. ह्या शहरात अक्कल असलेला माणूस एकच, आणि तोही बहिरा होत चाललाय.

त्यानं चालवली. काही नाय! मी चालवली, तो शेजारी, दोन झटके. डोळे मिटून नुसता गाडीचा आवाज ऐकत होता. म्हणाला, "अब तुम अकेले चलाव, मैं मोटरसायकल पे पीछे से आतूं."

करोडीपर्यंत गेलो. सात झटके मोजले. मनात म्हटलं, आता बोल! थांबलो. तो आला, हेल्मेट काढलं.

"काकासाहेब, ब्रेक कायकू दाबके चलारे? नाक्यापास्नं तुमची लाल बत्ती बुझीच नय."

ब्रेक? मी? मी म्हणालो, तुझे डोळे तपासून घे आधी. ब्रेकच्या बत्तीचा स्विच अडकला असंल. ह्या गाडीत एक वस्तू धड नाय, बत्ती कशी धड असंल! त्यानं गाडी गॅरेजात आणून स्विच बदलून दिला. बोलायला नको म्हणून बदलला, हे मला कळत नाय का?

घरी येताना एका दुकानाच्या काचेत बघितलं. गाडी चालतेय आणि बत्ती पेटलेली.

१८ जानेवारी, शनिवार

आज कमरोद्दीन परत शेजारी बसला. ह्या वेळी डोळे उघडे, आणि नजर खाली. नाक्याच्या पुढं पहिला झटका बसला तसं म्हणाला, "गाडी बाजू कू लेव. अब हिलो नको. पाय देखो तुमचा."

बघितलं. उजवा पाय रेसवर. डावा पाय ब्रेकवर— आरामात टेकलेला, जसं काही त्याचंच ते घर!

मग त्यानं समजावून सांगितलं. ब्रेकला जरासा पाय लागला, की गिअरबॉक्सला वाटतं गाडी हळू करायची हाय. तो गिअर खाली आणतो. तेवढ्यात मी वरून रेस देतो, तो परत वर जातो. खाली-वर, खाली-वर. झटका तोच. गाडीची काही चूक नाय.

म्हणजे बत्तीस वर्षं ह्या पायाखाली क्लच होता, तो अजून क्लच शोधतोय. मूर्ख पाय! निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, ह्याला ऑर्डर मिळालीच नाय!

मी म्हणालो, टेकलेला मला कळलाच नाय रे. तो म्हणाला, "आदत है." मग माझ्या पायाकडं बघत बसला. जरा जास्तच वेळ बसला. मला राग आला. म्हातारा झालाय तोही.

बद्रीला सांगायचं काही कारण नाय. खोट गाडीत नाय, पण माझ्यातही नाय. सवय हाय. सवय मोडता येते.

२१ जानेवारी, मंगळवार

मोडली! निघताना डावी मांडी हातानं उचलून पाय पार मागं घेतला, टाच सीटखाली दाबून ठेवली. वैजापूरला जाऊन आलो. दीडशे किलोमीटर, एक झटका नाय! गिअर पडलेला कळत नाय. चांगली गाडी हाय तशी. येताना दोनदा थांबून पाय जागेवर हाय का बघून घेतलं, तेवढंच.

बद्रीला म्हणालो, चल, बस शेजारी. क्रांती चौकापर्यंत नेऊन आणला. गाडी नुसती पाण्यासारखी. म्हणालो, तेल खराब होतं, बदलल्याचा गुण आला. आता ड्रायव्हर कुठं ठेवतोस? त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "मानलं अण्णा," म्हणाला. मानणारच! दुकानात बसून गाड्या कळत नसतात.

टायवाल्याला फोन करून दोन शब्द सुनावावे म्हणतो.

२५ जानेवारी, शनिवार

वैजापूरहून दिवस मावळायच्या आत आलो. झटका नाय. पायरी चढलो तर सरू ओरडली, "आवं, डाव्या पायातली चप्पल कुठंय?"

खाली बघितलं. चप्पल नव्हती. फाटकापासून फरशीवर रक्ताचे ठसे, एकाच पायाचे. तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, बोटाच्या पेराएवढा. सकाळीच कांद्याच्या वावरात निघून पडली असंल. दिवसभर तसाच हिंडलो. तसाच पाऊणशे किलोमीटर गाडी चालवत आलो.

सवय नव्हती ती. पायच मेलाय.

सरूनं पाय मांडीवर घेतला, सुई घेतली. मी भिंतीकडं बघत बसलो. तिला कळू नये म्हणून जरा वेळानं अंदाजानं ओरडलो, "आई गं!"

ती म्हणाली, "काढून झाला की. कवाच."