मागे कुणी नसताना

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले, मोजेही. एक सैल, एक घट्ट. म्हणजे तूच विणलेस यात शंका नाही.

आम्हा लष्करी पोलिसांचे काम बाबा चिडवतात तेच, रस्ता दाखवायचे. दोस्त सैन्याचा ताफा बंदरातून निघतो आणि मी मोटारसायकलवर सर्वांत पुढे. त्यांच्या ड्रायव्हरांना आपली भाषा येत नाही, मला त्यांची. म्हणून सगळा कारभार हातावर. तळवा दाखवला की थांबा. हात डोक्यावर नेऊन हलवला की वेग वाढवा. नाक खाजवायचीही चोरी.

आता आमचा रस्ता बदलला आहे. कुठून, कधी, ते लिहिता येत नाही. पण आपल्या घरासमोरचा रस्ता किती रुंद आहे ते तुला ठाऊक आहे. बाबांना खाली सोडू नकोस. त्यांना ऐकू येत नाही, आणि ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. तसा हुकूमच आहे. मी दिसलो तरी ओळख देणार नाही. राग मानू नका.

लोभ आहे तेवढा राहू दे.
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: बाबा जिवंत आहेत. उजवे पाऊल डॉक्टरांनी काढले.

तुम्ही गेलात तेव्हा मी दुधाच्या रांगेत होते. दार ओढून घेतले होते, कुलूप लावले नव्हते. बापाला कुलपात कसे ठेवायचे? समोरचा न्हावी सांगतो, बाबा कडेला नीट उभे होते. तू वळणावर आलास, त्यांना पाहिलेस आणि हात वर करून हलवलास. मागचे ट्रक एकदम सुसाट सुटले. तुला पाठमोरा पाहायला बाबा एक पाऊल पुढे आले.

ट्रक का सुटले ते तुझ्या पत्रामुळे फक्त मला कळले. ते पत्र मी शेगडीत घातले.

बाबा मात्र येईल त्याला सांगतात, एवढ्या फौजेपुढे माझ्या पोराने मला हात केला. नर्सला दोनदा सांगून झाले. घरी नेल्यावर खाट खिडकीशी लावायची, अशी ताकीद आहे. तू पुन्हा जाशील आणि पुन्हा हात करशील म्हणतात. नाही केलास तर का ते विचारतील. मला खोटे बोलता येत नाही. काय सांगू ते लिही.

जिवाला जप.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुढच्याने मागे वळून पाहायचे नसते. मी पाहिले नाही. त्या दिवशी मुक्कामी एक ड्रायव्हर माझ्याकडे आला, डोक्यावर हात हलवून काहीतरी विचारत राहिला. मला वाटले, माझी नक्कल करतोय. मी हसलो.

साहेबांकडून आता ताफ्याची शेवटची जागा मागून घेतली आहे. ती कुणी मागत नाही. सगळ्या ट्रकांची धूळ शेवटच्याला, आणि झाडीतून गोळी आली तर तीही आधी त्यालाच. साहेबांनी विचारले, डोके ठिकाणावर आहे ना.

वार लिहिता येत नाही. ट्रक सगळे जाऊ देत. आवाज संपला असे तुला वाटेल, तेव्हा बाबांना उशी देऊन बसव. अजून एक मोटारसायकल यायची असेल. मी हात करीन. माझ्या मागे कुणी नसेल.

बाबांना नमस्कार. लोभ आटू देऊ नकोस.
धाकटा