तनुजाला न सांगता

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१० जानेवारी २०२५

चि. विश्वजीत यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. हातात मोबाईल असताना ताई पत्र का लिहिते म्हणून हसशील. पण फोनवर तुझं नाव निघालं की तनुजा दाराशी येऊन उभी राहते, आणि माझा मोबाईलही रोज उघडून बघते. म्हणून माझ्या नोकरीच्या शाळेत, ऑफिसात बसून लिहिते आहे. उत्तरही शाळेच्या पत्त्यावरच पाठव.

तुझी भाची बरी आहे. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी 'तीव्र व्यक्तिमत्त्व विकार' असं लिहून दिलं, तेव्हा तुझे दाजी म्हणाले होते की हे नाव तर आपल्या अख्ख्या खानदानाला लागू पडतं. मला हसू आलं नव्हतं. सकाळी गळ्यात पडणारी पोर संध्याकाळी माझं तोंड बघायची नाही, आणि कुणी सोडून जाईल असं वाटलं की स्वतःच्याच हाताला इजा करून घ्यायची. आता शहागंजाजवळच्या धर्मादाय दवाखान्यात सोनिया मॅडम दर गुरुवारी अकरा वाजता तासभर तिच्याशी बोलतात. त्यांच्याकडे दारू सोडणारे येतात, परीक्षेला भ्यालेली पोरं येतात, भांडणारी नवरा-बायको येतात. त्यांतच आपली तनुजा. पण चार महिने झाले, हाताला नवी जखम नाही. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, आणि काल अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून गेली.

बाकी ठीक. ताईवर माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सत्यशीलाताई


पुणे
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं आणि रागही आला. तुझं म्हणजे एकदा शिंपी धरला की तीस वर्षं तोच, मग ब्लाउज कसाही शिवो. अगं, हृदयाला छिद्र असलेलं लेकरू तू खोकल्याच्या डॉक्टरकडे नेशील का? इथं पुण्यात फक्त याच आजाराचं केंद्र आहे. आठवड्यातून एकदा एकटीशी बोलणं, एकदा गटात शिकवणं, आणि जीव कासावीस झाला तर फोन करायची सोय. तिथले लोक दुसरं काही बघतच नाहीत.

कॉलेजला मी तुमच्याकडेच राहिलो. तनुजाला बोट धरून चालायला मी शिकवलं. ती दारू सोडणाऱ्यांच्या बाकावर बसते हे माझ्याने ऐकवत नाही. त्या मॅडमना विचार तरी, त्यांनी असले पेशंट किती बघितले.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
विश्वजीत


मुकुंदवाडी
३१ जानेवारी २०२५

चि. विश्वजीत यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. विचारलं. भीत भीतच विचारलं, पण मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, खास उपचार चांगलेच आहेत, काही जणांना त्यांचाच गुण येतो. पण साधा उपचार नीट बांधून केला, तेच माणूस, तीच वेळ, अडचणीत काय करायचं ते आधी ठरलेलं, तर दोन्हींत लोकांना वाटतो तेवढा फरक अभ्यासांत दिसलेला नाही. स्वतः मोजून नऊ असे पेशंट बघितले म्हणाल्या, लपवलं नाही.

न्यायचं तर न्या, पण तनुजाला सांगून, ती हो म्हणाल्यावर, असं म्हणाल्या. आणि निरोपासाठी सहा गुरुवार मागितले. मी म्हटलं, एवढे कशाला? तर म्हणाल्या, "सत्यशीलाताई, सोडून जाणारी माणसं तिनं खूप बघितलीत. निरोप घेऊन जाणारं एकही नाही."

विश्वजीत, मला तिला सांगायचं धाडस होत नाही. पुण्याचं नाव काढलं आणि तिला वाटलं आई आपल्याला घालवते आहे, तर? तूच काहीतरी सुचव.

माया असू दे.

सत्यशीलाताई


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

जागा मिळाली! शनिवारी २२ तारखेला पहिली भेट. तनुजाला आत्ता काही बोलू नकोस. माझ्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती आहे म्हणून घेऊन ये, पुढचं मी बघतो.

मन खाऊ नकोस. आपल्याकडे कुणाला विचारून कुठं नेलंय? तुझंच आठव. कापड घ्यायचं म्हणून आपल्या आबांनी तुला लासूर स्टेशनला नेलं आणि दुकानात दाजी तुला बघायला आधीच येऊन बसलेले. सांगितलं असतं तर तू गेली असतीस? आणि वाईट काय झालं?

मॅडमना नंतर कळव. वाट बघतो आहे.

तुझा,
विश्वजीत


मुकुंदवाडी
२५ एप्रिल २०२५

चि. विश्वजीत यास,

दोन महिने लिहिलं नाही. तुझ्यावर राग होता, आणि स्वतःवर जास्त.

त्या दिवशी तू गाडी पार्किंगला लावत होतास, म्हणून तू बघितलं नाहीस. तनुजानं तुझ्या घरासाठी स्वतःच्या पगारातून भिंतीवरचं घड्याळ घेतलं होतं. त्या केंद्रात ती ते कागदात गुंडाळलेलं घड्याळ मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तू स्वतःच्या मर्जीनं आलीस का? ही म्हणाली, मी वास्तुशांतीला आले आहे. त्यांनी वही मिटली. तिची मर्जी असल्याशिवाय आमचा उपचार सुरूच होत नाही, असं मला बाहेर बोलावून सांगितलं. तुझ्या खास लोकांनी आणि माझ्या साध्या मॅडमनी एकच गोष्ट सांगितली बघ. ऐकली नाही ती आपण दोघांनी.

घरी आल्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गुरुवारी मॅडमकडे गेली नाही, पुढच्याही नाही. मॅडमनीच फितुरी केली असं तिला वाटतं. मी दवाखान्यात जाऊन आले. मॅडम सहा गुरुवार ती वेळ रिकामी ठेवून बसल्या होत्या, मग दुसऱ्या कुणाला तरी दिली. मला म्हणाल्या, निदान मला तरी कळवायचं होतं. तिच्याशी माझं काय बोलणं चालू होतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

दुकानाचं काम सुटलं. बाह्या पुन्हा मनगटापर्यंत आल्या. उन्हाळा आहे, विश्वजीत.

वाईट काय झालं म्हणून विचारलं होतंस. लासूर स्टेशनच्या त्या दिवसापासून आबा कुठंही चल म्हणाले की तिथं आणखी कोण बसलंय ते मी आधी विचारायची. ते मरेपर्यंत विचारायची. हे मला ठाऊक होतं, आणि तरी पोटच्या पोरीशी मी तेच केलं.

लोभाचं आज लिहवत नाही.

सत्यशीला


मुकुंदवाडी
१२ मे २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमची पत्रं आईनं स्वतःहून माझ्या हातात दिली. सगळी वाचली. मला तुम्ही दोघं जीव लावता हे त्यांत दिसतं, म्हणून जास्त संताप आला.

पुण्याचं केंद्र मला आधीच माहीत होतं. दुकानातल्या एका मुलीनं सांगितलं होतं. सहा फेब्रुवारीला मीच मॅडमना विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, घाई नको, सहा गुरुवार आपण निरोपाचंच बोलू, मग तुझं तू आईला सांग. दोन गुरुवार झाले होते. आईला काय सांगायचं ते मी वहीत लिहून काढत होते. शनिवारी तुम्ही मला त्याच दारात नेऊन बसवलं. मला वाटलं मॅडमनीच तुम्हाला सांगितलं. नाहीतर एवढा नेमका तोच पत्ता कसा निघाला?

आता कळलं की त्यांनी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे जायला मला तोंड नाही. पुण्याला फोन करायचा तर तिथल्या बाई पुन्हा तेच विचारतील, मर्जीनं आलीस का. आणि मर्जी माझी होती की तुमची, हे आता माझं मलाच सांगता येत नाही.

कोणता इलाज चांगला, खास की साधा, ते तुम्ही आणि आई ठरवत बसा. मला कुठलाही चालला असता. मामा, एकदा विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.

तनुजा